चॅम्पियनची कबुली

चॅम्पियनचा हात हातात घेतला की नवल वाटायचं. इतका मऊ हात राज्य गाजवलेल्या बॉक्सरचा असेल, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. दोघंही खेळाडू म्हणून नोकरीला लागलेलो. तो पदकं आणायचा, मी सरावात त्याचा मार खायचो. त्याचं खरं नाव कॉलनीत कुणी घेत नसे. बायकोही 'चॅम्पियन'च म्हणायची; आधी कौतुकानं, पुढे नुसतंच.

रेखावहिनी धुळ्याची, शाळेत शिक्षिका. धुळ्यातल्या एका सामन्यानंतर, हरलेल्या पोराचे हात बधिर झाले होते म्हणून यानं खाली बसून त्याच्या बुटाची नाडी सोडली. "ते पाहिलं आणि फसले," असं ती हसत सांगायची. भावाचा विरोध पत्करून तिनं लग्न केलं.

सरावाला येणाऱ्यांना तो एकच गोष्ट बजावायचा, "घंटा झाल्यावर जो मारतो तो बॉक्सर नाही, गुंड." रिंगमध्ये त्यानं हे आयुष्यभर पाळलं.

मग तो एका अंतिम सामन्यात कोवळ्या पोराकडून हरला, आणि पुढच्या वर्षी संघात त्याची निवडच झाली नाही. शाळेतून यायला वहिनीला उशीर झाला की तो दारात उभा राहून चौकशी करू लागला. आधी ताटं आपटल्याचे आवाज आले. नंतरचे आवाज ताटांचे नव्हते. भुसावळच्या मे महिन्यात वहिनी लांब बाह्यांचा ब्लाउज घालून नळावर आली. बायकांनी पाहिलं, मीही पाहिलं. तिला डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं, तेव्हा ती म्हणाली, "तापानं गेला." आम्ही सगळ्यांनी तो ताप खरा मानला.

मी एकदाच त्याला म्हणालो, "अरे, हे बरं नाही." तो लहान मुलासारखा रडला. घरी जाऊन त्यानं तिचे पाय धरले. महिनाभर शांतता होती, मग पुन्हा तेच.

शेवटी वहिनीचा थोरला भाऊ, नाना, धुळ्याहून दोन वडीलधारी माणसं घेऊन आला. शेजारी म्हणून मला बोलावलं. नानानं विचारलं, "तुमची भिंत एकच. खरं काय ते सांगा."

चॅम्पियन खाली मान घालून बसला होता. मी म्हणालो, "मी तर कधी काही ऐकलं नाही."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलायच्या आतच चॅम्पियन उठला. रागात आणि दुःखात तो नेहमी गावच्या अहिराणीवर यायचा. "हाऊ खोटं बोली रायना," माझ्याकडे बोट करून तो म्हणाला. "मी मारेल शे तिले. तिना कान मन्हामुये गया. नाना, लई जा तिले."

तिला मारल्याचं, तिचा कान घालवल्याचं त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं. वहिनीनं बॅग भरली. उंबऱ्यात थांबून ती त्याला म्हणाली, "खरं बोललास ते बरं केलंस. पण म्हणून मी थांबणार नाही."

त्यानंतर त्यानं हातमोजे घातले नाहीत. साहेबांनी प्रशिक्षक व्हायला सांगितलं, तर म्हणाला, "पोरांना काय तोंडानं शिकवू?" पुढे डोक्यावर खाल्लेल्या ठोशांनी हिशेब चुकता केला. हात थरथरायचे, बोलणं अडखळायचं. माझ्या घरून डबा जायचा. माझ्या खोटेपणाबद्दल तो कधी एक शब्द बोलला नाही. मीही नाही.

यंदाच्या हिवाळ्यात तो गेला. कॉलनीतल्या चौघांनी खांदा दिला. तेरावं झाल्यावर मी धुळ्याला जाऊन वहिनीला कळवलं. तिनं ऐकून घेतलं. रडली नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "त्या दिवशी मी खोटं बोललो."

"माहीत आहे. त्यानं तेव्हाच सांगितलं. तुम्हाला एवढी वर्षं लागली."

मी निघायला उठलो. तिनं दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"बसा, भाऊ," ती म्हणाली. "आता सांगा, काय काय ऐकलं होतं तुम्ही?"