पेटीचा झरोका

ओट्यावरून सांडशी घसरते, खण्णकन् पडते, आणि दुपारचं सामसूम घर दचकतं. कृत्तिका मात्र उठत नाही. कुशीत लेक रेवू आहे, डोळ्यांवर झापड आहे, आणि डोक्यात एकच घोर. वडील गेले, आणि आप्पांच्या मागे त्यांची ब्लास्टिंगची पेटी तिनं हौसेनं चालवायला घेतलीय. काचेच्या बारीक चुऱ्याचा झोत मारून गंजके भाग लख्ख करणारी पेटी. पण सुरू केली की आत असं धुकं दाटतं, की हातातला भाग दिसेनासा होतो. आईनं बजावलंय, "भंगारवाला येतोय. तोवर चालली तर ठेव."

"सर जरा," कुणीतरी म्हणतं.

आप्पा. वर्ष झालं त्यांना जाऊन, आणि ते बनियनवर स्वयंपाकघरात उभे आहेत. ओट्याच्या जागी पेटी आहे. कृत्तिकाला नवल वाटत नाही, नुसतं भरून येतं.

"बघा ना आप्पा! नवा दिवा लावला, काच बदलली, फट न् फट बुजवली. रेवू तिथंच खेळते, म्हटलं धुळीचा कण बाहेर नको."

"मागचं भोकही?"

"तेही! लांबीचा लगदा भरून!"

आप्पा पोट धरून हसतात. "शाबास गं माझी सुगरण! धूळ ओढायला व्हॅक्यूम लावलास आणि पेटीचं नाक दाबलंस. बाहेरची हवा आत आलीच नाही, तर ती धूळ ओढणार कशी?"

"आणि त्या भोकातून चुरा बाहेर उडाला मग?"

"आतून पत्र्याची आडवी पट्टी लाव. बाळंतिणीच्या खोलीलाही झरोका ठेवतात की. वारा तेवढा अंगावर येऊ द्यायचा नाही."

ती काचेतून डोकावते. आत तिच्या शाळेचं मैदान, धुक्यानं भरलेलं. फाटकाशी आप्पा सायकल धरून उभे. ते फुंकर घालतात. एकेक कौल दिसायला लागतं.

"दिसलं, आप्पा! दिसलं!"

स्वतःच्याच ओरडण्यानं ती जागी होते. रेवूला कडेवर घेऊन मागच्या शेडमध्ये धावते. लांबी खरवडते, पत्र्याचा तुकडा बसवते, व्हॅक्यूमचं बटण दाबते. आत साचलेली धूळ सरसर मागं ओढली जाते. काच निवळते.

दारात हाक येते, "भंगाऽर!"

"आई, पाठव त्याला परत!"

झोत मारून बघायला ती हातमोज्यांकडे वळते आणि थबकते. पेटीला आतून जोडलेले ते मोजे उलटे होऊन बाहेर लोंबताहेत. काम झालं की आप्पा घाम वाळायला असेच ओढून ठेवायचे. तिनं आज मोज्यांना हातही लावलेला नाही.

रेवू एका मोज्याचं बोट मुठीत धरते.

"आई, हे गरम कसे?"