उष्णता आहे, म्हणालो

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, पलटणीतल्या जोडीदाराला नाही. तुम्हाला का सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

फौजेतून निवृत्त झाल्यापासून मी कुपवाडच्या एका कारखान्यात गेटवर असतो. जवळच एक खोली आहे. बायको शालन म्हसवडला घर आणि थोडी जिरायत सांभाळायची. महिन्यातून दोनदा मी गावी जायचो. काही लपवायचं असलं तर अशी नोकरी फार सोयीची.

सहा वर्षांपूर्वी मला त्या जागी — लिंगावर. लिहितो सरळ, हा शब्द टाळण्यातच सगळं गेलं — कातडीखाली चट्टा उठला. दुखत नव्हता. मग ओला झाला, वास यायला लागला. कपडे धुताना शालनला डाग दिसले. तिनं विचारलं, आणि मी म्हणालो, उष्णता आहे. आमच्याकडे या शब्दात काहीही मावतं. तोंड आलं तरी उष्णता, लघवीला जळजळलं तरी उष्णता. तिनं सब्जा भिजत घातला. मी गावी गेलो की सकाळी तांब्या भरून हातात द्यायची, येताना पुडी बांधून द्यायची. सहा-सात महिने मी तो निमूट प्यालो.

सांगलीच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. थोडा भाग कापावा लागला. घरी सांगितलं, मुतखड्याचं ऑपरेशन. नंतर गावी गेलो तरी कंबर धरते म्हणून बाहेर सोप्यात झोपायला लागलो. पण मला सांगायचंय ते हेही नाही.

डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं होतं. पॅपिलोमा नावाचा एक विषाणू तुकड्यात सापडलाय. संबंधातून लागतो. पुष्कळांना लागतो, बहुतेकांचा आपोआप जातो. एखाद्याचा वर्षानुवर्षं अंगात राहतो आणि असं करतो. कधी, कुणाकडून आला, ते सांगता येत नाही. तो बायकोकडेही गेलेला असू शकतो, आणि बाईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. वेळेत तपासलं तर आधीच कळतं. मग त्यांनी नाव विचारलं आणि शालनच्या नावानं तपासणीची चिठ्ठी लिहून दिली.

ती मी फौजी कॅन्टीनच्या कार्डाच्या पाकिटात घातली. अजून तिथंच आहे.

का नाही दिली? ती विचारणार होती — कुठून आलं? डॉक्टरांना सांगता येत नव्हतं. मला येत होतं. पोस्टिंगच्या वर्षांत मी एकदा बाहेर गेलो होतो. एकदा, असं मी स्वतःलाही सांगत आलोय. एकदा नव्हतं.

दर खेपेला एसटीत बसलो की ठरवायचो, आज द्यायची. म्हसवड आलं की पिशवी उचलून घरी जायचो, जेवायचो, पीकपाण्याच्या गप्पा मारायचो. पाच वर्षं अशी काढता येतात? मी काढली.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. म्हणाली, "आवं, मला बी उष्णता झालीया वाटतं. पाळी जाऊन चार वर्सं झाली, आन् आता परत अंगावरनं लाल जातंय. तुमचाच सब्जा घिऊ का?"

इथं बोलायचं होतं. गेटवर ट्रक उभा होता, ड्रायव्हर सहीसाठी वही पुढं करत होता. पाकीट माझ्याच खिशात होतं.

मी म्हणालो, "घे की."

पाच महिने तिनं सब्जा घेतला. मग मुलगी तिला दवाखान्यात घेऊन गेली. उशीर झाला, म्हणाले. आता किरणांचे शेक चालू आहेत. सांगली जवळ पडते म्हणून ती माझ्या खोलीवर राहायला आली आहे. मुलगी तिलाच बोलते, दुखणं अंगावर काढलंस म्हणून. शालनही भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगते, माझीच हेळसांड. मी शेजारी बसलेला असतो. दहा बाय दहाची खोली, आम्ही दोघं — आणि इतका एकटा मी गेटवरही कधी नव्हतो.

सकाळी तिच्यानं उठवत नाही. तरी भिंतीला धरून उठते आणि भिजलेल्या सब्जाचे दोन पेले भरते. एक तिला, एक मला.

"घ्या," म्हणते. "तुमास्नी गुण आल्ता न्हवं."

मी पितो.