आत्या असताना रिकामं घर

आमच्या घरात चोरण्यासारखं काही नाही, हे अमरावतीतल्या सगळ्या चोरांना ठाऊक असावं. तरी मी अलार्म बसवला.

नुसता अलार्म नाही. (नुसता कोणीही बसवतं.) मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, म्हणून दिवे, दाराचं कुलूप आणि बोलणारा स्पीकर हे सगळं अलार्मसोबत एकाच ॲपमध्ये जोडलं. नियम सोपा ठेवला. बाबांचा, आईचा आणि माझा असे तिन्ही फोन बाहेर गेले, की घर रिकामं समजायचं, कुलूप लावायचं आणि अलार्म सुरू करायचा.

"म्हंजे मानसं नाई, फोन पायते थे?" बाबांनी विचारलं.

"आता दोन्ही एकच असते, बाबा," मी म्हणालो. हे वाक्य मला फार आवडलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिघंही राजापेठेत आमच्या फुलांच्या गाडीवर झेंडू तोलत होतो. माझा फोन थरथरला. घरात हालचाल!

मला धक्का बसला. खोटं कशाला सांगू, थोडा आनंदही झाला. यंत्रणा चालत होती.

"बाबा, घरात चोर शिरला."

बाबांचा चेहरा उतरला. "अन् माई बईन एकटी हाय ना रे घरी."

मग मात्र मी झेंडू तसाच टाकून स्कूटरची किल्ली काढली. बाबांनी तराजूतलं दोन किलोचं वजन उचललं आणि आम्ही तिघं एका स्कूटरवरून निघालो. गाडीवर गिऱ्हाईकच फुलं सांभाळत राहिलं.

गल्लीत सायरन वाजत होता. दिवे लागत होते, विझत होते. शेजारच्या काकू लाटणं घेऊन दारापुढे उभ्या होत्या. आतून स्पीकर अतिशय सभ्य आवाजात सांगत होता, "घरात अनोळखी व्यक्ती आहे. कृपया सावध राहा."

"अनोळखी कोन, मी?" आतून आत्या विचारत होती.

आत्याकडे फोन नाही. ही गोष्ट मला गल्लीतल्या वीसेक लोकांसमोर आठवली.

गडबडीत कुलूप तिसऱ्या प्रयत्नात उघडलं. आत अर्धवट ओवलेले हार पडले होते आणि आत्या पिशवीत लुगडी भरत होती.

"मी परतवाड्याले लहान्या भावाकडं जातो. तथी लोकं मले वळखते."

"आत्या, मशीनची चूक झाली."

"घरात कोन कोन राह्यते, हे मशीनले कोनं सांगतलं?"

"म्या."

"मंग चूक मशीनची कशी?"

मध्येच स्पीकर बोलला, "कृपया सावध राहा." (सायरन बंद केला होता, हा राहिला होता.)

जिने मला अंगाखांद्यावर खेळवलं, ती पिशवी उचलून दाराकडे निघाली. मी आडवा उभा राहिलो. "आत्या, तुले बी मोजतो. नवा फोन आनतो."

"नवा कायले? तुयाच ठेव इथं. मी घरात हाव, हे कळू दे त्याले."

मी फोन तिच्या हातावर ठेवला. तिने तो कमरेला खोचला, पिशवी खुंटीला अडकवली आणि पुन्हा हार ओवायला बसली.

तेव्हापासून माझा फोन आत्याजवळ असतो आणि घर तिला ओळखतं. अडचण एवढीच, की आमच्या कॉलेजची हजेरीही फोनवरच लागते. आमच्या घराण्यातून कॉलेजात गेलेला मी पहिला. पण कॉलेजच्या नोंदीनुसार मी अजून घरातून निघालेलोच नाही.