झिजलेलं बटण

गाडीचा टेप बंद पडला तेव्हा बाबांनी एकच अट घातली. "नवा बसवू, पण स्टेअरिंगवरची बटनं चालली पाहिजेत. न्हाईतर टेपच नको."

गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. बाबा ती उमरीहून भाड्यानं चालवतात. नांदेडचे दवाखाने, लग्नं, लातूरला शिकायला ठेवलेली पोरं. मीही त्या पोरांतलीच. तिथं इलेक्ट्रॉनिक्स शिकते, तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळं मिक्सर बिघडला तरी सगळे माझ्याकडं बघतात आणि मी पुस्तकाकडं बघते. पुस्तकात मिक्सर नसतो.

नांदेडच्या दुकानदारानं मोठ्या स्क्रीनचा टेप काढून ठेवला. बटणांचं विचारल्यावर तो हसला. "काका, आता कोन बटनं दाबतंय? स्क्रीनला बोट लावायचं. बटनासाठी वेगळा डबा मागवावा लागतो, महिना बी लागंल."

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणून बाबा पायरी उतरूही लागले.

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, मी करते."

दुकानदार माझ्याकडं वळला. "ताई, स्टेअरिंगचं काम हाय. आत एअरबॅग असती."

"स्टेअरिंग उघडायचंच नाही," मी म्हणाले. आवाज मात्र बारीक आला. कॉलेजात तोंडी परीक्षेला येतो तसाच.

बाबा पायरी परत चढले आणि दुकानदाराला म्हणाले, "द्या बांधून. पोरगी करते म्हणती."

आठ दिवसांनी ते मला लातूरला सोडायला येणार होते. तेवढ्यात ती बटणं चालली पाहिजेत. नाहीतर तीन वर्षं लातूरला राहून हिनं काय केलं, असं बाबा म्हणाले नसते, पण मीच म्हटलं असतं.

रविवारी बाबा दुसऱ्या कुणाची तरी गाडी घेऊन भाड्यावर गेले आणि मी आमची गाडी उघडली. आधी बॅटरीची वायर सोडली. मग टेपभोवतीची चौकट हळूच ओढून काढली. आई अंगणवाडीत मदतनीस आहे. त्या दिवशी सुट्टी होती. ती दारात मेथी निवडत बसली आणि स्क्रू ठेवायला मला वाटी दिली.

"त्या एवढ्या वायरी कशाला?" तिनं विचारलं.

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. स्टेअरिंगवरची पाचही बटणं एकाच वायरवरून बोलतात. प्रत्येक बटण विजेला वेगवेगळा अडथळा करतं, कुणी कमी, कुणी जास्त. तेवढ्यावरून टेप ओळखतो की कुणी हाक मारली. मीटर लावून मी एकेक बटण दाबलं आणि पाच वेगवेगळे आकडे वहीत लिहिले. त्या दिवशी पहिल्यांदा मला बरं वाटलं. पुस्तकातलं खरंच गाडीत होतं.

ती वायर जोडून टेप बसवला, बॅटरी पुन्हा लावली. आता नव्या टेपला शिकवायचं होतं. स्क्रीनवर एक पान उघडतं; त्यावर कामं असतात. एक बटण दाबून धरायचं आणि त्याचं काम निवडायचं. आवाज वाढवायचं आणि आवाज कमी करायचं, ही दोन्ही बटणं सोपी होती, त्यांच्यावर खुणा होत्या. फोनचीही दोन दिसत होती. पण एका बटणावर काहीच नव्हतं. बाकीची चार खरखरीत आणि हे एकटं गुळगुळीत, चिंचोक्यासारखं. खूण पार पुसून गेलेली.

बाबांना फोन लावला असता तर एका वाक्यात काम झालं असतं. मी लावला नाही. मी करते म्हणाले होते ना. मी मोबाइलवर त्याच गाडीचा फोटो शोधला. त्यात त्या जागी पुढच्या गाण्याची खूण होती. गाडी तीच, पण पुढच्या सालातली, हे मी बघितलं नाही. झिजलेल्या बटणाला मी पुढचं गाणं शिकवलं.

संध्याकाळी बाबा आले. त्यांनी आवाज वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. त्यांच्या पेनड्राइव्हमधली भीमगीतं गल्लीभर झाली. "झ्याक!" ते म्हणाले आणि शेजारच्या काकांना बोलावून दाखवलं. "टेपाला बी शिकवावं लागतं म्हने. म्हटलं, घाला लातूरला क्लासला!"

पुढच्या शनिवारी आम्ही निघालो. आई मागं बसली. ती नेहमी मागंच बसते. पुढं बसलं की समोरची गाडी अंगावर येते असं तिला वाटतं. गाव सोडून दहा मिनिटं झाली असतील. आई म्हणाली, "अव, ती..."

बाबांचा अंगठा हलला आणि पुढचं गाणं दणक्यात सुरू झालं.

"अव, ऐका की..."

अंगठा पुन्हा हलला. तिसरं गाणं. हे तर सुरुवातीपासूनच ढोलकीचं. बाबांनी परत दाबलं, चौथं लागलं. समोरून ट्रक आला, त्यांना स्क्रीनकडं बघता येईना. शेवटी त्यांनी दुसऱ्या बटणानं आवाज खाली आणला. "काय म्हनत होतीस?"

"काय न्हाई," आई म्हणाली. "ऐका तुमी."

माझी आई एक गोष्ट एकदाच बोलते. माझ्या शाळेत अर्ज द्यायला गेली तेव्हाही तसंच, घरीही तसंच. कुणी ऐकलं नाही तर ती रागावत नाही, फक्त पुन्हा सांगत नाही. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

नांदेड गेलं. मी बाबांचा अंगठा बघत होते. आईनं घसा साफ केला की तो त्या गुळगुळीत बटणावर जायचा आणि न दाबताच मागं यायचा. मग माझ्या लक्षात आलं. बारावीत असल्यापासून मी या गाडीत कानात इअरफोन घालून बसत आले. एखाद्या वेळी काढले तर बाबांचं गाणं मध्येच थांबलेलं असायचं, जरा वेळानं तिथूनच सुरू व्हायचं. मला वाटायचं, पेनड्राइव्ह खराब आहे. घरात या दोघांना फारसं बोलताना मी बघितलं नव्हतं. यांना बोलायला काही नाही असंच मी धरून चालले होते.

लोह्याला चहाला थांबलो. आई हात धुवायला गेली तेव्हा मी विचारलं, "बाबा, हे बटण आधी काय करायचं?"

"गप करायचं. गाणं गप."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस व्हय?" बशीतला चहा फुंकत ते म्हणाले. मग जरा खाली बघून, "तिचा आवाज बारीक हाय. मागून येत न्हाई पुढं. सारखं कमी-जास्त कुठं करत बसू?"

मी गाडीत जाऊन बसले. ते पान उघडलं, झिजलेलं बटण दाबून धरलं आणि त्याला त्याचं खरं काम परत दिलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

पण आई बोलेना. गाडी निघाली, गाणी चालू होती. मला वाटलं, ती आता लातूरपर्यंत बोलणार नाही आणि हे मी केलंय. अहमदपूर जवळ आलं तेव्हा मागून आवाज आला, "अव..."

बाबांनी दाबलं. गाडीत एकदम शांत झालं. नुसतं टायरचं ऐकू यायला लागलं.

आईसुद्धा दचकली. मग म्हणाली, "हिची गोधडी ओट्यावरच ऱ्हायली. मघाशी तेच सांगायले होते."

"आगं, मग तवाच जोरात सांगायचं की! दहा मिन्टात माघारी फिरलो असतो."

"कशी सांगू? तुमची गानीच एकमेकाला ढकलायली होती."

बाबा इतके हसले की त्यांना गाडी हळू करावी लागली. मी हसले नाही, मला वाईट वाटत होतं. आईनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे गं माय. आठ दिस चादरीवर काढ."

काढले. हॉस्टेलची गादी पातळ आहे. रोज कूस बदलताना मला ते बटण आठवायचं.

पुढच्या रविवारी दोघंही आले. एका गोधडीसाठी आईनं यायची काही गरज नव्हती. एवढा रस्ता झाला, कंटाळली नाहीस का, असं मी तिला विचारलं.

"न्हाई," ती गोधडीची घडी माझ्या हातात देत म्हणाली. "बोलत आलो."

बाबा गाडीला टेकून उभे होते. त्यांनी अंगठा वर करून मला दाखवला. "बोलत आलो कशाचं? ही बोलायली अन् मी दाबायलो. उमरीपासून एक गानं पुरं झालं न्हाई."