८३,८८,६०७ मूळ आहे का?

"सर, ही संख्या मूळ न्हाई," असं म्हणत सारिकाने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली. संख्या होती ८३,८८,६०७. तिच्या उत्तराला मी शून्य दिलं होतं.

मूळ संख्या म्हणजे एक आणि ती स्वतः, एवढ्यांनीच भाग जाणारी. दोनचा तेविसावा घात घेऊन त्यातून एक वजा केला की ८३,८८,६०७ येते. तेवीस मूळ, म्हणून हीसुद्धा मूळ, असं माझं मॉडेल आन्सर. पेपर मीच काढलेला, तपासलेलाही मीच. बीडच्या आमच्या कॉलेजात गणित विभाग म्हणजे मी आणि एक पंखा. विचारणार कुणाला?

"तीनपासून एकेक मूळ संख्या धरली. चौदाव्या खेपेला सत्तेचाळीसनं भाग गेला, बघा."

समासात बारीक अक्षरात चौदा भागाकार होते. शेवटचा ४७ गुणिले १,७८,४८१. मी ते कच्चं काम समजून त्यावर काट मारली होती.

"तुमी भागून बघितलंच न्हाई का, सर?"

नव्हतं बघितलं. मला लाज वाटली.

प्रश्न पाच गुणांचा, आणि पोरगी दोन गुणांनी नापास. तिचं घर शिरूर कासारचं, आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. "पास झाले तर एमएस्सीला धाडतो म्हनलेत आबा. न्हाईतर परवा मलाबी गाडीत बसायचंय. मुकादमाला नाव दिलंय माझं."

झेरॉक्स घेऊन मी प्राचार्यांकडे गेलो.

"मॉडेल आन्सर बदललं तर सगळेच येतील," ते म्हणाले.

"वर्गात तीनच मुलं आहेत, सर."

"लेखी लागेल. चूक कुणाची लिहायची?"

"माझी."

"पंचवीस वर्षं झाली ना तुम्हाला इथे?"

"झाली. पंचवीस वर्षं हेच शिकवलं, तेही लिहा."

सुधारित निकाल टाइप होईपर्यंत सारिका आणि मी विभागात बसलो. "चौदा खेपा लई झाल्या. सोपी वाट न्हाई का?" तिने विचारलं. मी कपाटातलं जुनं पुस्तक काढलं. वाट होती. अशा संख्येला भागणाऱ्या कुठल्याही मूळ संख्येला तेवीसने भागलं की बाकी एकच उरते. चोवीस मूळ नाही, म्हणजे सुरुवातच सत्तेचाळीसपासून करायची.

"कावून पण? बाकी एकच का?" असं म्हणून तिने खडू उचलला. तासभर ती माझ्याशी फळ्यावर भांडली. इतक्या वर्षांत त्या खोलीत गणितावरून माझ्याशी कुणी भांडलं नव्हतं. फार बरं वाटलं. ती जाणार म्हणून वाईटही वाटलं, ते बोललो नाही.

सारिका पास झाली आणि संभाजीनगरला एमएस्सीला गेली. पुढच्या वर्षी तिसऱ्या वर्षाला गणित कुणीच घेतलं नाही.

आता मी प्रत्येक उत्तर छापण्याआधी भागून बघतो. सगळ्यांनी बघावं. परवा असंच एक जुनं उत्तर चुकीचं निघालं. "अरे, हे बघा," असं मी मोठ्याने म्हणालो. विभागात ऐकायला कुणी नव्हतं. मग उठून खिडकी लावली.