हेरिंगच्या गाडीवरचं यॉर्क

समस्त मराठी जनांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की इंग्लंडमधल्या यॉर्क शहराचा इतिहास मी नेदरलँड्समधल्या लायडनच्या शनिवारच्या बाजारात, कच्च्या हेरिंग माशाच्या गाडीपाशी, तोंडात घास धरून शिकले.

गाडीवाला मूळचा यॉर्कचा. माशावर घालायच्या चिरलेल्या कांद्याची तो फळीवर तटबंदी रचायचा. "हे रोमन आले!" मग माशाची शेपटी होडीसारखी सरकवत, "हे व्हायकिंग!" मागोमाग नॉर्मन. इतिहासात रेल्वे येईपर्यंत मागची रांग कुरकुरायला लागायची आणि मी खुशाल टाळ्या वाजवायचे.

यंदा जूनमध्ये त्याची आई तिकडे यॉर्कला आजारी पडली.

"जाऊन या ना," मी म्हटलं.

"नव्या हेरिंगचा हंगाम आहे. गर्दी ओसरली की निघतो."

मीही फार आग्रह धरला नाही. मलाही नवं हेरिंग हवंच होतं.

जुलैत तो आईच्या अंत्यविधीहून परतला. मान खाली घालून कांदा चिरत होता. मी मूर्खासारखं विचारलं, "आज इतिहास नाही?"

त्याची सुरी थांबली.

"दोन हजार वर्षांत त्या गावात सगळे येऊन गेले हो," तो एकदम बोलून गेला, "मीच वेळेवर पोचलो नाही."