शपथ न घेणारा सॅम्युअलभाई

परवा नोटरीसमोर ‘शपथेवर लिहून देतो’ या ओळीखाली सही करताना मला ओमानमधल्या सोहारच्या वर्कशॉपमधला सॅम्युअलभाई आठवला. आमचा हा फोरमन छत्तीसगडमधल्या धमतरीकडचा, मेनोनाइट पंथाचा ख्रिश्चन होता. तिकडे सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे दर शुक्रवारी न चुकता चर्चला जायचा.

एकदा माझ्या फोर्कलिफ्टचा धक्का लागून मालकाच्या, म्हणजे आमच्या अर्बाबच्या, नव्या गाडीचं दार चेपलं. पाहिलं फक्त सॅम्युअलभाईनं. नोकरी गेली की व्हिसाही जाणार, मग थेट घरी, रत्नागिरीला परत. कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्या, म्हणून मी त्याच्यापुढे गयावया केली.

“कसम हम लोग खाते ही नहीं, भाऊ. पूछेंगे तो सच बोलूँगा,” तो म्हणाला. “लेकिन चल, मैं साथ आता हूँ.”

तेव्हा त्याचा इतका राग आला होता! तापलेल्या आवारातून तो माझ्या पाठीवर हात ठेवून चालत राहिला. केबिनमध्ये मी कबुली दिली. काम उरकायची घाई मीच लावली होती, असं त्यानं आपणहून सांगितलं. ते खरंही होतं. अर्बाब म्हणाला, “खलास. यल्ला, काम करो.” म्हणजे विषय संपला, चला कामाला.

बाहेर येऊन सॅम्युअलभाईनं थर्मासमधून माझ्यासाठी चहा ओतला, तो अर्धा जमिनीवरच सांडला. त्याचे हात माझ्यापेक्षा जास्त कापत होते.